बाळंतकळांसाठी धीराची वाक्यं: सातव्या महिन्यापासून लेबर रूमपर्यंत

डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते आणि घरात बाळंतपणाची बोलणी सुरू होतात. हॉस्पिटल कोणतं, रात्री थांबणार कोण, डिंकाचे लाडू कुणाकडून करून घ्यायचे, बाळंतविड्यात काय काय हवं. कळांच्या त्या तासांमध्ये ती मुलगी स्वतःशी काय बोलणार आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि ती बोलणार असतेच. कळ चढत असताना मन रिकामं राहत नाही. "आता नाही सहन होत", "अजून किती वेळ", "माझ्याच्यानं नाही होणार" ही वाक्यं कुणाला शिकवावी लागत नाहीत. ती आपोआप येतात आणि पुढच्या कळेला परत येतात. त्यांच्या जागी दुसरी, आधीच ठरवलेली आणि घोटून पक्की केलेली वाक्यं ठेवता येतात. इंदूरमध्ये गरोदर बायकांच्या तयारीचे वर्ग घेताना मी सगळ्यात जास्त वेळ याच कामाला देते.

या वाक्यांनी कळा थांबत नाहीत आणि दुखणं नाहीसं होत नाही. तसं वचन देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. वाक्यांचं काम मर्यादित आहे: कळेच्या मिनिटात अंग आखडू न देणं आणि दोन कळांमधला वेळ खरोखर विसाव्याचा करणं. ज्या बाईला पूर्ण बाळंतपणभर हे साधतं, ती कमी दमते, आणि ऐन वेळी डॉक्टर काय सांगताहेत ते तिला ऐकू येतं. माझ्या लेखी हे फार मोलाचं आहे.

भीतीनं कळ जड का होते

गर्भाशयाचा वरचा भाग प्रत्येक कळेला आकसतो आणि कळ ओसरल्यावरही थोडा आखूडच राहतो. त्यामुळे खालचा भाग आणि पिशवीचं तोंड हळूहळू वर ओढलं जातं, पातळ होतं आणि उघडत उघडत १० सेंटिमीटरपर्यंत जातं. हे काम आपल्या हुकमावर चालत नाही. आपल्या ताब्यात असतं ते बाकीचं शरीर: जबडा, खांदे, मुठी, मांड्या, श्वास.

कळा ज्या संप्रेरकावर चालतात ते ऑक्सिटोसिन. माणूस घाबरला की ॲड्रिनॅलिन वाढतं, छाती धडधडते, स्नायू ताठरतात, श्वास छातीत अडकतो. ॲड्रिनॅलिन फार वाढलं तर कळांची लयही बिघडू शकते. ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३०-४० च्या काळात हे चक्र मांडलं: भीतीतून ताण, ताणातून वेदना, वेदनेतून पुन्हा भीती. वेदना भीतीमुळेच होते, असं मात्र मी कुणाला सांगत नाही. कळ खरीच दुखते. भीती तिच्यावर आणखी भर घालते आणि ती भर कमी करता येते.

अभ्यास काय सांगतात तेही पाहू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली बाळंतपणातल्या काळजीविषयी शिफारशी केल्या. वेदना कमी होण्यासाठी मदत मागणाऱ्या निरोगी गरोदर स्त्रीसाठी स्नायू सैल सोडणं, श्वासाचे प्रकार, संगीत, सजगता हे उपाय त्यांत सुचवले आहेत. बाळंतपणातल्या संमोहनाच्या प्रयोगांचा कॉक्रेननं, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, २०१६ मध्ये आढावा घेतला. ज्या बायका शिकून आल्या होत्या त्यांना वेदनाशामकं एकूण कमी लागली असावीत, पण एपिड्युरल (पाठीतून दिली जाणारी, कळांचं दुखणं कमी करणारी भूल) घेणाऱ्यांचं प्रमाण कमी झाल्याचं दिसलं नाही. मी याचा अर्थ असा घेते की सरावाचा उपयोग आहे, आणि इंजेक्शन किंवा एपिड्युरल मागणं म्हणजे सराव वाया गेला असं समजायचं कारण नाही.

सुरुवात: आधी भीती कागदावर

सातव्या महिन्यात एखादी निवांत दुपार बघून वही घेऊन बसा. वाक्यं अजून लिहायची नाहीत. आधी कशाची भीती वाटते ते लिहायचं, आणि शेजारी ती भीती आली कुठून तेही. आपल्याकडे बहुतेक भीती ऐकीव असते. "मला दोन दिवस कळा येत होत्या", "अमकीला किती टाके पडले माहितीय का", "आजकालच्या मुलींना कळ सोसतच नाही" ही वाक्यं हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, फोनवर, प्रेमानंच बोलली जातात आणि पोटुशी मुलगी ती मुकाट्यानं ऐकून घेते. अशा वेळी सरळ म्हणावं, "मावशी, बाळ झाल्यावर सगळं ऐकेन, आत्ता नको." मावशी रागावत नाही.

मग यादीचे दोन भाग करा. काही भीतींना वाक्य पुरत नाही, माहिती लागते. "बाळाच्या मानेभोवती नाळ असली तर?", "माझं हिमोग्लोबिन कमी आहे, रक्त लागलं तर?", "रात्री भूलतज्ज्ञ असतात का?" हे प्रश्न पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारायचे आणि उत्तरं त्याच वहीत लिहायची. बाळंतपणासाठी माहेरी इंदूरला आलेल्या मुलींनी तर हे नक्कीच करावं, कारण पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांबरोबर झालेलं बोलणं इथल्या डॉक्टरांना माहीत नसतं. उत्तर मिळालं की निम्मी यादी आपोआप गळून पडते.

उरलेल्या भीती मनाच्या असतात: मी ओरडेन आणि हसं होईल, माझा धीर सुटेल, मी एकटी पडेन, मला जमणार नाही. वाक्यं करायची ती यांच्यासाठी.

वाक्य कसं बांधायचं

इथे घाई नको. इंटरनेटवर तयार याद्या ढिगानं मिळतात, "मी शक्तिशाली आहे, माझं शरीर परिपूर्ण आहे" छापाच्या. त्यातलं एखादं वाक्य तुमच्या मनाला खरंच भिडलं तर जरूर घ्या. पण जे म्हणताना आतून "छे, काहीतरीच" असं उमटतं, ते कितीही सुंदर असलं तरी सोडून द्या. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं की, स्वतःबद्दल मुळातच कमी विश्वास असलेल्या लोकांना स्वतःची स्तुती करणारं वाक्य घोकल्यावर बरं वाटण्याऐवजी जास्त वाईट वाटलं. न पटणारं वाक्य उलटतं. कळांमध्ये तर मन फार लवकर खोटं पकडतं.

म्हणून पहिली अट, वाक्य खरं हवं. "ही कळ येईल आणि जाईल" हे खरं आहे. प्रत्येक कळ जातेच. "मला अजिबात दुखणार नाही" हे पहिल्या मोठ्या कळेतच खोटं ठरतं, आणि मग बाकीच्या वाक्यांवरचाही भरवसा उडतो. "माझी नॉर्मलच होणार" हे वाक्य तर मी वहीतून खोडायलाच लावते. बाळाचे ठोके घसरले आणि सिझेरियनचा निर्णय झाला, तर तेच वाक्य ऑपरेशन टेबलावर त्या मुलीला टोचत राहतं. प्रत्येक वाक्य याच कसोटीवर घासून बघा: बेत बदलला तरी ते खरं राहील का? "बाळासाठी जे लागेल ते मी करतेय" हे लेबर रूममध्येही खरं आणि थिएटरमध्येही.

दुसरी अट, वाक्य एका उच्छ्वासात मावायला हवं. तीन ते पाच शब्द, फार तर सहा. कळेच्या टोकाला बाईला लांब वाक्य आठवत नाही, आठवलं तरी पुरं करता येत नाही.

तिसरी अट, वाक्यात भीतीचं नाव नको. "मी घाबरणार नाही" म्हणताना ओठांवर घाबरणंच येतं. त्याऐवजी करायची गोष्ट सांगा: "खांदे सैल, जबडा सैल." मनाला आज्ञा देण्यापेक्षा शरीराला काम देणं सोपं जातं, आणि माझा अनुभव असा की ऐन कळेत हीच वाक्यं सगळ्यात जास्त टिकतात.

नमुन्यादाखल काही देते, तुमच्या जिभेला बसतील तशी बदलून घ्या. भीती असेल "किती तास चालणार कोण जाणे", तर वाक्य: "एवढी एकच कळ." पुढच्या कळेचा विचार पुढच्या कळेला. भीती असेल "मला नाही सहन होणार", तर: "एक कळ, मग विसावा." "मी ओरडेन" या भीतीला: "आवाज आला तर येऊ दे." यात मी आवाजाला परवानगी देते. खालच्या पट्टीतला लांब "आऽऽ" किंवा "ऊऽऽ" श्वास सोडायला मदतच करतो. चिरकी किंकाळी घसा आणि खांदे आवळते, एवढाच फरक लक्षात ठेवायचा. "एकटी पडेन" याला: "आई इथे आहे", किंवा सोबत कोणी जाणार नसेल तर: "मला मदत मागता येते." आणि सगळ्यांच्या वहीत असावं असं मला वाटतं ते: "कळ गेली, मी निवांत."

यमक असेल तर वाक्य लवकर पाठ होतं. जात्यावर दळताना बायका ओव्या म्हणायच्या, त्यांनी हाताची आणि श्वासाची लय धरली जायची. आपणही एखादी ओळ जुळवावी. एका मुलीनं आजीबरोबर बसून "कळ आली, कळ गेली, बाळाची वाट मोकळी झाली" अशी ओळ केली होती. आजी ती ओळ घरात येता-जाता गुणगुणायची, त्यामुळे मुलीला वेगळा सराव फारसा लागलाच नाही.

भाषा कोणती, हा इंदूरच्या घरांत येणारा प्रश्न आहे. घरात मराठी, शाळा हिंदी किंवा इंग्रजी, नवऱ्याशी बोलणं दोन्हीत, आणि लेबर रूममध्ये सिस्टर म्हणणार "लंबी साँस लो, घबराओ मत". ठेच लागल्यावर तोंडातून जे निघतं, त्या भाषेत वाक्य करा. राजेंद्र नगरच्या एका मुलीनं फक्त "हो जाएगा" हे दोन शब्द निवडले होते, "हो" वर श्वास आत आणि "जाएगा" म्हणत सावकाश बाहेर. तिच्या आईला ते मराठीत असावंसं वाटत होतं. मी म्हटलं, काकू, कळा तिला येणार आहेत, शब्दही तिचेच असू देत.

आणि ज्या घरात नामस्मरण आहे त्यांनी दुसरीकडे शोधायला जाऊच नये. लहानपणापासून अंधारात, परीक्षेत, तापात म्हटलेलं "श्रीराम जय राम" किंवा गणपतीचं नाव हे आधीच घोटलेलं असतं, त्याला लय असते आणि मन त्याला खोटं म्हणत नाही. श्रद्धा नसेल तर ओढूनताणून आणू नका.

शेवटी वहीत पाच-सहा वाक्यं राहू द्या. त्यातलं एक मुख्य, जे सगळं विसरलं तरी आठवेल.

श्वासाशी जोडणी आणि रोजचा सराव

वाक्य नुसतं वाचून उपयोग नाही, ते श्वासाला बांधायचं. नाकानं चार आकडे मोजत श्वास आत, मग ओठ सैल ठेवून सहा आकडे मोजत बाहेर, आणि बाहेर जाताना मनात किंवा पुटपुटत वाक्य. चार आणि सहा जमत नसेल तर तीन आणि पाच. बाहेरचा श्वास आतल्यापेक्षा लांब, एवढं सांभाळायचं. श्वास मात्र रोखून धरायचा नाही.

हिशेब करून बघा. एक श्वास दहा सेकंदांचा, जोरात आलेली कळ सुमारे एका मिनिटाची. म्हणजे एका कळेत सहा श्वास, सहा वेळा वाक्य. चौथ्या श्वासाला बहुतेक वेळा टोक ओलांडलेलं असतं. हे गणित मुलींना फार धीर देतं. तासांचा डोंगर दिसेनासा होतो आणि सहा श्वास मोजता येण्यासारखे असतात.

सराव रोज रात्री झोपताना आणि सकाळी डोळे उघडल्या उघडल्या करा. फ्रान्समधले औषधविक्रेते एमिल कुए यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वयंसूचनेची पद्धत लोकप्रिय केली. तेही याच दोन वेळा सांगत, आणि वीस गाठी मारलेली दोरी बोटांत सरकवत वीस वेळा वाक्य म्हणायला लावत. आपल्या घरात जपमाळ असतेच. शेवटच्या महिन्यांत उताणं झोपून सराव करू नका, डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन किंवा खुर्चीत टेकून करा. कपाळ, जबडा, जीभ, खांदे, तळहात, मांड्या, पावलं या क्रमानं एकेक भाग सैल सोडायचा. जीभ टाळूला चिकटलेली असते हे बहुतेकींना माहीतच नसतं. ती खाली सोडली की जबडा आपोआप सुटतो.

आठव्या महिन्यापासून याला बर्फाची जोड द्या. फ्रीजमधला बर्फाचा एक खडा तळहातावर घेऊन मूठ हलकी मिटायची आणि मोबाइलवर एका मिनिटाचा टायमर लावायचा. पहिले दहा-पंधरा सेकंद नुसतं गार लागतं. मग हात चुरचुरायला लागतो, खांदा नकळत कानाकडे चढतो, दात आवळले जातात आणि "पुरे आता" असं मन म्हणतं. नेमकं तेव्हा श्वास सोडत वाक्य म्हणायचं आणि खांदा खाली आणायचा. मिनिट झालं की बर्फ टाकून दोन मिनिटं पूर्ण विसावा, "कळ गेली, मी निवांत", आणि मग दुसऱ्या हातात. बर्फाची चुरचुर आणि बाळंतकळ यांची बरोबरी मी करत नाही. पण नको असलेली जाणीव चालू असताना अंग सैल ठेवायचं, हे शरीराला अनुभवातूनच कळतं आणि बर्फानं ते घरबसल्या शिकता येतं. बोटं बधिर झाली तर लगेच थांबा, एकाच जागी फार वेळ धरू नका.

नवव्या महिन्यात पोट मधूनमधून कडक होतं आणि सुटतं, त्या खोट्या कळाही सरावाला घ्या. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर श्वास फार भरभर चाललाय असं समजून सावकाश करा.

सोबतीण

माझ्या मते सगळ्या तयारीत सर्वांत जास्त फळ देणारी पायरी ही आहे. कॉक्रेनच्या २०१७ च्या आढाव्यात २६ अभ्यासांतल्या १५,००० हून अधिक बायकांची माहिती तपासली होती. ज्यांच्यासोबत बाळंतपणभर कुणीतरी सतत होतं, त्यांच्यात नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण जास्त आढळलं, बाळंतपण थोडं लवकर उरकलं आणि नंतर कडवट आठवणी कमी राहिल्या.

२०१६ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सरकारी दवाखान्यांतही बाळंतिणीसोबत एक नातेवाईक बाई राहू द्यावी अशा सूचना काढल्या, आणि लेबर रूम सुधारण्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या सरकारी लक्ष्य कार्यक्रमातही लेबर रूममधली सोबत धरली आहे. सोबतीण शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, स्वच्छ कपडे घालून यावं, तिनं पूर्ण वेळ थांबावं आणि डॉक्टर-नर्सच्या कामात हात घालू नये अशी अपेक्षा असते. जिथे प्रत्येकीला आडोसा असतो तिथे नवऱ्यालाही आत घेता येतं. तुमच्या हॉस्पिटलात काय चालतं, एम.वाय. असो, एमटीएच असो की खाजगी नर्सिंग होम, ते आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. दारावर पोचल्यावर वाद घालण्यात त्या मुलीचाच जीव टांगणीला लागतो.

आई, सासू, मोठी जाऊ, बहीण, जी शांत राहते तिला निवडा. नात्यानं सगळ्यात जवळची असूनही लेकीचं दुखणं बघून रडायला लागणारी आई बाहेर बसलेलीच बरी. हे सांगणं अवघड असतं, पण "आई, तू बाळाला पहिल्यांदा घ्यायला बाहेर थांब" असं म्हटलं की जमतं.

निवडलेल्या सोबतिणीला वाक्यं पाठ हवीत. आत मोबाइल नेऊ देतीलच असं नाही, चष्मा उतरवलेला असतो, कागद फाइलबरोबर नर्सच्या टेबलावर जातो. तरी जाड पेननं मोठ्या अक्षरात लिहिलेला एक कागद माता-बाल सुरक्षा कार्डात ठेवाच. घरी बर्फाचा सराव तिच्यासोबत करा. तिनं काय करायचं: कळ सुरू झाली की हात खांद्यावर, स्वतः सावकाश श्वास सोडायचा, मुलीच्या कानाजवळ मुख्य वाक्य हळू आवाजात, सहा वेळा. कळ ओसरली की "गेली ही. निवांत पड", आणि पाणी विचारायचं. काय बोलायचं नाही: "झालंच आता" (झालेलं नसतं), "ओरडू नकोस, लोक ऐकताहेत", "आमच्या वेळी तर…", "किती सेंटिमीटर झालं?" आणि कळ चालू असताना कोणताही प्रश्न.

घरून निघेपर्यंत

पहिलटकरणीला सुरुवातीच्या कळा बरेच तास, कधी दिवसभरही, लांब लांब अंतरानं येत राहतात. इथे मुख्य वाक्य खर्ची घालू नका. दोन घास खा, पाणी प्या, डुलकी काढा, घरात फिरा. कळ बोलणं थांबवण्याइतकी जोरात यायला लागली की मग श्वास आणि वाक्य.

पहिलं बाळंतपण असेल आणि सगळं ठीक असेल तर साधारणपणे दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघायचं. पण तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. महू, देवास, सांवेरकडून येणाऱ्यांनी आणि दुसरं बाळंतपण असलेल्यांनी लवकर निघावं. रंगपंचमीच्या गेरला (रंगांच्या मिरवणुकीला) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना (चित्ररथांना) राजवाड्याभोवतालचे रस्ते गर्दीनं बंद होतात. तारीख त्याच सुमाराची असेल तर बाहेरून जाणारा रस्ता आधी ठरवून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर वाक्य म्हणत घरी बसायचं नाही, ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं: अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं (विशेषतः हिरवट किंवा तपकिरी), बाळाची हालचाल मंदावणं, जोरात डोकं दुखणं, डोळ्यांपुढे धूसर होणं, चेहरा-हात एकदम सुजणं, ताप, झटका, पोट दगडासारखं होऊन सैलच न पडणं, किंवा ३७ आठवड्यांच्या आत नियमित कळा. शांत राहायचं ते नीट निर्णय घेता यावा म्हणून. "सगळं छान आहे" असं स्वतःला बजावत धोक्याच्या खुणेकडे काणाडोळा करणारीला वाक्यांनी मदत केली नाही, घात केला.

लेबर रूममध्ये

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं पिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडलं की जोरदार टप्पा सुरू होतो आणि पहिलटकरणीत तो साधारणपणे १२ तासांच्या पुढे जात नाही. तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे असा नियम सगळ्यांना लागू होत नाही, हेही त्याच शिफारशींत आहे. म्हणून "अजून चारच?" हे ऐकून खचू नका. आकडा ऐकायचाच नसेल तर सिस्टरना सांगता येतं, "सिस्टर, मुझे मत बताइए, इनको बता दीजिए."

आता एक कळ. कंबरेत किंवा ओटीपोटात ओढ सुरू होते. पहिल्या ओढीलाच एक मोठा श्वास सोडून द्यायचा, जणू कळेला दार उघडून दिलं. मग नाकानं आत, "एवढी एकच कळ" म्हणत बाहेर. दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला पोट दगडासारखं होतं, हात खाटेची दांडी आवळतो, पायाची बोटं वळतात. सोबतिणीचा हात खांद्यावर, तिचा आवाज कानात. बोटं दांडीवरून सुटत नसतील तर तळहात उघडा करून तिच्या तळहातावर ठेवायचा. चौथा श्वास, आवाज निघाला तर निघू दे, पण खालच्या पट्टीत. पाचव्याला धार कमी होते. सहाव्याला पोट मऊ पडतं. डोळे मिटून "कळ गेली, मी निवांत", आणि मग खरंच अंग टाकून द्यायचं, पुढच्या कळेची वाट बघत ताठ बसायचं नाही. हे दोन-तीन मिनिटांचं अंतर पुढच्या सगळ्याची शिदोरी आहे.

आतून तपासणी होते तेव्हा, सलाईन लावताना, पोटाला ठोक्यांचा पट्टा बांधताना "मांड्या सैल" हे दोनच शब्द पुरतात.

तोंड पूर्ण उघडायच्या आधीचा काळ सगळ्यात अवघड. अंग थरथरतं, मळमळतं, कळा एकीवर एक येतात आणि शांत मुलीही म्हणतात, "मला घरी जायचंय, मला नाही करायचं." हे ऐकून सोबतिणीनं घाबरायचं कारण नाही. बऱ्याचदा ही वेळ जवळ आल्याची खूण असते. सिस्टरना कळवावं, आणि आता सगळी वाक्यं सोडून एकच, तेही सोबतिणीनं म्हणायचं आणि मुलीनं नुसतं ऐकायचं. डोळे मिटलेले असतील तर उघडायला लावून नजरेत नजर ठेवावी.

जोर करायची वेळ आली की वाक्यही बदलतं: "श्वास खाली, बाळ खाली." डॉक्टर आणि सिस्टर सांगतील तसा, आतून येणाऱ्या रेट्याबरोबर जोर करायचा, चेहऱ्यात आणि घशात नाही. डोकं दिसायला लागल्यावर सिस्टर म्हणतात, "अब ज़ोर मत लगाओ, मुँह से साँस लो." तेव्हा तोंड उघडं ठेवून छोटे श्वास आणि "हळू, हळू". यानं फाटणं कमी होण्यास मदत होते.

बेत बदलला तर

एपिड्युरल घेतलं तर वाक्यं पेटीत ठेवायची नाहीत. दुखणं ओसरतं पण वाट बघणं उरतं, आणि मन तेव्हाच भरकटतं. कळा सुरू करण्यासाठी सलाईनमधून औषध दिलं तर कळा लवकर जोर धरू शकतात, तेव्हा सराव पहिल्यापासूनच वापरायला घ्या.

सिझेरियन बहुतेक वेळा कमरेतून भूल देऊन होतं, बाई जागी असते. थिएटर थंड असतं, दात वाजतात, छातीसमोर पडदा असतो. दुखत नाही, पण ओढल्यासारखं, ढकलल्यासारखं जाणवतं आणि ते आधी माहीत नसेल तर बाई हादरते. इथे वाक्य: "ओढ जाणवतेय, बाळ येतंय." पहिल्या काही मिनिटांतच बाळ बाहेर येतं, टाके घालायला त्याहून जास्त वेळ लागतो. त्या वेळात बाळ गालाला लावून द्याल का, हे आधीच विचारून ठेवा.

नंतरचे दिवस

वार पडताना, टाके घालताना, पहिल्यांदा पाजताना पोटात येणाऱ्या मुरड्यांना (दुसऱ्या खेपेला त्या जास्त जाणवतात) तोच सहा सेकंदांचा उच्छ्वास कामी येतो. बाळाला तासाभरात पाजायला घ्यायचं असतं. दूध लगेच भरभरून येत नाही, पहिले थेंब चीकाचे असतात आणि बाळाला तेवढे पुरतात. इथे कामाचं वाक्य: "आम्ही दोघंही शिकतोय."

पहिल्या आठवड्यात रडू येणं बहुतेक बाळंतिणींना होतं आणि ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही मन उदास राहिलं, झोपायला मिळूनही झोप लागली नाही, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं, तर वाक्यांवर विसंबू नका, डॉक्टरांना सांगा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी सांगा. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर १४४१६ आहे, तो चोवीस तास चालतो. बॅग भरताना तो तुमच्या आणि सोबतिणीच्या, दोघींच्या फोनमध्ये साठवून घ्या.